पाय चालतात तेव्हा स्वस्थ बसलेल्या हाताला रक्त जास्त मिळते की कमी?

मेहरूणचा_फेरीवाला :

मंडळी, नमस्कार. मी जळगावचा. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली आणि तेव्हापासून मेहरूण तलावाच्या काठाने रोज पहाटे पाऊण तास झपाझप चालतो. वर्गात बाकांमधून फिरताना लागलेली सवय अजून सुटलेली नाही, त्यामुळे चालताना माझे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतवलेले असतात. म्हणजे पाय राबत असतात आणि हात काहीही करत नसतात. या जानेवारीत माझ्या असे लक्षात आले, की घरून निघताना बऱ्यापैकी कोमट असलेली बोटे चालायला लागल्यावर पाच-सात मिनिटांत आणखी गार पडतात, इतकी की डाव्या अनामिकेतली अंगठी सैल होऊन गोल फिरू लागते. परतताना मात्र तीच अंगठी बोटात रुतून बसलेली असते आणि तळहात लालसर व गरम झालेले असतात.

माझ्यासोबत चालणारे नानाभाऊ म्हणतात, की हृदय जोरात चालते म्हणजे रक्त सगळीकडेच जास्त पोचणार, आणि बोटे गार पडतात ती केवळ थंडीमुळे. माझे म्हणणे असे, की अंगात रक्त पाचेक लिटरच असते. पायांनी जास्त ओढले की हातांच्या वाट्याचे कमी होणारच. यावर नानाभाऊंचा अहिराणी टोमणा ठरलेला आहे : "पाय राबी ऱ्हायनात, हात फुकट पगार खाई ऱ्हायनात, मंग त्यास्ना पगार कापाले नको का?" म्हणजे टोमणा माझ्या बाजूचा आणि मत त्यांच्या बाजूचे! आठवडाभराच्या चहाची पैज लागली आहे. जाणकारांनी निवाडा करावा.

ठिबकवाला_रावेर :

सर, मी डॉक्टर नाही, केळी लावतो. पण तुमचा प्रश्न वाचून माझी मोटार डोळ्यांसमोर आली. माझ्या शेतात ठिबकचे पाच व्हॉल्व्ह आहेत. एक व्हॉल्व्ह चालू असताना दुसरा पूर्ण उघडला, की मीटरवरचा दाब घसरतो आणि लांबच्या ओळींच्या टोकाला थेंबसुद्धा पडत नाही. म्हणून एका तुकड्याला भरपूर पाणी द्यायचे असेल तर बाकीचे व्हॉल्व्ह आवळावे लागतात. शरीराने वेगळे काही करायचे कारण मला दिसत नाही. चहा तुम्ही जिंकलात असे मला वाटते.

कळण्याची_भाकरी :

म्हणजे केळीच्या बागेत फेरी मारताना रावेरकरांचेही हात गारच पडत असणार.

नाडीपरीक्षा :

मी धुळ्याची. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे हा धागा पाहून राहवले नाही. रावेरच्या भाऊंचे उदाहरण मी वर्गात वापरत असे त्या कोणत्याही उदाहरणापेक्षा चांगले आहे, फक्त त्यात एक भर घालावी लागेल. शेतातली मोटार एकाच ताकदीची असते; हृदय मात्र गरजेप्रमाणे स्वतःची ताकद वाढवते. विश्रांतीत ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते आणि निरोगी तरुण माणसाच्या कसून केलेल्या व्यायामात हा आकडा २० ते २५ लिटरपर्यंत जातो. रक्त पाचच लिटर असले तरी ते मिनिटाला किती फेऱ्या मारते यावर वाटा ठरतो, त्यामुळे फेरीवाल्या सरांचा 'पाच लिटरच आहे' हा मुद्दा बाद होतो.

मग विश्रांतीतल्या अवयवाला आवळण्याची गरज का पडते? कारण राबणाऱ्या स्नायूंमधील रक्तवाहिन्या कल्पनेपलीकडे उघडतात. विश्रांतीत १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला ३ ते ४ मिलिलिटर रक्त पुरते. जोराच्या कामात हेच प्रमाण वीसपटीहून अधिक होऊ शकते. पायांतील एवढे मोठे स्नायू एकदम उघडले आणि बाकी सर्व तसेच राहिले, तर हृदयाने कितीही जोर लावला तरी रक्तदाब कोसळेल आणि मेंदूला पुरवठा कमी पडेल. म्हणून अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे आपल्या इच्छेविना हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना हुकूम देणारी मज्जातंतूंची यंत्रणा, सरसकट सगळीकडे 'आवळा' असा निरोप पाठवते. राबणाऱ्या स्नायूंमध्ये तयार होणारी रसायने हा निरोप तिथल्या तिथे बोथट करतात, ज्याचे वर्णन संशोधकांनी १९६२ मध्ये केले. स्वस्थ अवयवात मात्र अशी रसायने नसल्याने तो जसाच्या तसा पाळला जातो. पाय आणि हात या दोघांनाही हुकूम एकच येतो, पण पायांकडे तो न पाळण्याचे कारण असते.

आता नानाभाऊंची बाजू. ही आवळण सुरुवातीला त्वचेतही असते आणि स्नायूंतही. मात्र दहा-पंधरा मिनिटांत अंगात उष्णता साठू लागते आणि ती बाहेर टाकण्यासाठी त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडाव्या लागतात. तेव्हा स्वस्थ हाताचे एकूण रक्त वाढते, पण ते वाढते त्वचेत. आतला स्नायू आवळलेलाच राहतो. बेलफास्टच्या ब्लेअर, ग्लोव्हर आणि रॉडी यांनी १९६१ मध्ये नेमक्या याच विषयावर, म्हणजे पायांचा व्यायाम चालू असताना हातातील रक्तवाहिन्यांचे काय होते यावर, शोधनिबंध लिहिला होता. आणि १९७५ मध्ये जॉन्सन व रॉवेल यांनी दीर्घकाळ चाललेल्या व्यायामात हाताच्या त्वचेचा आणि स्नायूचा हिशेब वेगवेगळा मांडला. तेव्हा पैजेचा निकाल 'किती वाजता आणि कोणत्या थरात' हे ठरल्याशिवाय लागणार नाही.

ठिबकवाला_रावेर :

ताई, मोटारीचा मुद्दा मान्य. एक शंका राहते. हाताला दिलेले रक्त असते तरी किती, की ते कापून पायांना पुरावे?

नाडीपरीक्षा :

फारच योग्य शंका आहे. हाताची कपात म्हणजे मोठ्या कारखान्याने चहाचा खर्च कमी करावा तसे आहे. खरी मोठी कपात पोटात होते. आतडी, यकृत आणि मूत्रपिंडे मिळून विश्रांतीत मिनिटाला अडीच लिटरांच्या आसपास रक्त घेतात आणि जोराच्या व्यायामात त्यातले बरेचसे सोडून देतात. स्वस्थ हातातली आवळण पायांना रक्त पुरवण्यापेक्षा रक्तदाब टिकवण्याच्या कामाला अधिक हातभार लावते.

कळण्याची_भाकरी :

म्हणजे रात्री शेवभाजीवर ताव मारून पहाटे पळायला गेलो की पोटात कळ का येते, याचा उलगडा झाला. आतडी कामावर आणि पगार बंद.

भुसावळ_लोको :

मी रेल्वेत असल्याने मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. करोनाच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात पडून होता. काल संध्याकाळी व्यायामाच्या स्थिर सायकलीजवळ एक उंच स्टूल ठेवले, त्यावर उशी, उशीवर डावा हात छातीच्या उंचीवर, आणि तर्जनीला ऑक्सिमीटर. पंखा बंद केला. हाताची हालचाल झाली तर यंत्र गोंधळते, म्हणून उजव्या हाताने सायकलीची दांडी धरली आणि डावा हात लोढण्यासारखा पडू दिला.

या यंत्रात आकड्यांच्या बाजूला एक उभी पट्टी नाडीबरोबर वरखाली होत असते. बसल्या बसल्या ती जवळजवळ भरलेली होती. पायडल मारायला सुरुवात केली तशी पहिल्या मिनिटातच ती निम्म्यावर आली. तिसऱ्या मिनिटाला एक-दोन रेघा उरल्या आणि चौथ्या मिनिटाला यंत्राने आकडेच सोडून नुसत्या आडव्या रेघा दाखवल्या. सौ. घाबरून धावत आल्या, कारण त्यांना वाटले प्राणवायूच संपला. दहाव्या-अकराव्या मिनिटाला कपाळावर घाम आला आणि त्याच सुमारास पट्टी पुन्हा वर चढू लागली. विसाव्या मिनिटाला ती सुरुवातीपेक्षाही भरलेली दिसली.

आज सकाळी त्याच उशीवर हात ठेवून वीस मिनिटे नुसता बसलो. पट्टी हलली नाही. नानाभाऊंना सांगा, की माझ्या खोलीत थंडी नव्हती.

पाटणादेवी :

प्रयोग आवडला, परंतु त्याच्या निष्कर्षावर घाई होऊ नये असे वाटते. बोटाच्या टोकावरून संपूर्ण हाताविषयी बोलता येईल का? आणि अशी यंत्रे ती पट्टी आपल्या सोयीने लहानमोठी करून दाखवतात असेही मी ऐकले आहे.

नाडीपरीक्षा :

पाटणादेवी यांचे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. ती पट्टी प्रवाहाचे मोजमाप नव्हे. बोटात दर ठोक्याला येणाऱ्या लाटेचा तो ढोबळ अंदाज आहे. शिवाय बोटाच्या टोकाला धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या वाटा भरपूर असतात, त्या अनुकंपी मज्जासंस्थेच्या हुकमाला अतिशय तत्पर असतात, आणि तिथे स्नायू जवळजवळ नसतोच. म्हणून लोकोभाऊंनी पाहिले ते त्वचेचे नाटक, दोन्ही अंकांसह. हाताच्या स्नायूचे काय झाले हे त्यांच्या यंत्राला दिसत नाही.

खरे मोजमाप कसे होते ते सांगते. दंडाला पट्टा बांधून त्यात साधारण ४० ते ५० मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब ठेवायचा. एवढ्या दाबाने शिरा दाबल्या जातात, धमन्या नाही. त्यामुळे रक्त हातात येत राहते आणि परत जाऊ शकत नाही. हात क्षणाक्षणाला फुगतो, आणि फुगण्याचा वेग म्हणजेच येणाऱ्या रक्ताचा वेग. मनगटाला दुसरा पट्टा घट्ट आवळून पंजा हिशेबाबाहेर ठेवतात, कारण पंजात त्वचेचाच कारभार जास्त. माणसाच्या हातावर ही पद्धत १९०९ मध्ये वापरली गेली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. विश्रांतीत कोपरापुढच्या हाताच्या १०० मिलिलिटर भागाला मिनिटाला २ ते ४ मिलिलिटर रक्त मिळताना दिसते.

आमच्या प्रयोगशाळेत हाताचा घेर मोजायला पारा भरलेली बारीक रबरी नळी होती. एकदा एक विद्यार्थी हात टेकवून निवांत पडलेला, आलेखाची रेघ शांत चाललेली, आणि मी सहज म्हटले, "आता तोंडी परीक्षाच घेऊन टाकू या." पेन सरळ कागदाच्या वरच्या कडेला गेले! हात तसूभर हलला नव्हता. मनावर ताण आला की हाताच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या उघडतात, हे मी त्या वर्गाला वेगळे शिकवले नाही.

पांझराकाठ :

मी सहसा वाचून निघून जातो, पण हा धागा माझ्या घरचा आहे. वडिलांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. पाय बरेचसे सावरले, डावा हात मात्र मांडीवर पडून असतो आणि नेहमी दुसऱ्या हातापेक्षा गार लागतो. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना पायाने फिरवायची छोटी सायकल दिली आहे. आईचा समज असा, की पाय फिरवल्याने रक्त पायांत जाईल आणि हात आणखी वाळेल, म्हणून ती सायकल पलंगाखाली सरकवून ठेवते. वरची चर्चा तिला वाचून दाखवली असती तर तिने ती अडगळीच्या खोलीतच टाकली असती.

नाडीपरीक्षा :

पांझराकाठ भाऊ, आईंना कृपया पहिला भाग सांगू नका, पुढचा सांगा. मी शिकवणारी बाई आहे, उपचार करणारी नव्हे. त्यामुळे निर्णय डॉक्टरांचा आणि त्या ताईंचा. पण आईंची भीती निराधार आहे एवढे मी निश्चित सांगू शकते.

व्यायाम चालू असतानाची आवळण तात्पुरती असते आणि ती हाताला वाळवण्याइतकी कधीच नसते. स्वस्थ स्नायूची भूकच लहान असते. दुसरे असे, की त्या वेळी हाताच्या मोठ्या धमनीतून रक्त कसे वाहते हे बघण्याजोगे आहे. सुरुवातीला दर ठोक्याला थोडे रक्त पुढे जाऊन काहीसे मागे हेलकावते, कारण पुढची वाट आवळलेली असते. त्वचा उघडली की मागचा हेलकावा कमी होऊन पुढचा ओघ वाढतो. या ओघाचे धमनीच्या अस्तरावर जे घासणे होते, त्याला अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून उत्तर देते आणि धमनी सैल पडते. त्या वायूच्या कामगिरीसाठी १९९८ मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. आठवडेच्या आठवडे असे घासणे होत राहिले तर अस्तराची ही क्षमता सुधारते, आणि ती राबलेल्या पायांपुरती राहत नाही. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांना फक्त सायकल चालवायला लावून मनगटाजवळची धमनी तपासली, तेव्हा तिचे अस्तरही सुधारलेले आढळले होते. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र पायांच्या सायकलीने हाताचा स्नायू बळकट होणार नाही. त्यासाठी हात हलवावाच लागेल, स्वतःहून नाही तर दुसऱ्याच्या मदतीने. हात गार लागण्यामागे मज्जातंतूंचा बिघाड आणि हालचालीचा अभाव ही दोन्ही कारणे असू शकतात. तो सुजत असेल, रंग बदलत असेल किंवा दुखत असेल तर लगेच दाखवून घ्या.

पांझराकाठ :

ताई, आभारी आहे. 'हाताची धमनीपण सुधारते' एवढेच सांगितले. सायकल पलंगाखालून बाहेर आली आहे. तिच्यावर सध्या टॉवेल वाळत आहे, पण बाहेर आली आहे.

आखाडा_चोपडा :

आमच्याकडे तालमीत उलटा प्रकार असतो. मुले मूठ आवळून वजन धरून उभी राहतात, पाय जागेवरून हलत नाहीत. मग त्या वेळी स्वस्थ पायांचे काय होते? वस्ताद सांगायचे, की दम कोंडून वजन धरू नये, डोक्यात रक्त चढते.

नाडीपरीक्षा :

वस्तादांचा सल्ला लाख मोलाचा. मूठ घट्ट आवळून ठेवली, की हातातला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो आणि आत साचलेली रसायने मज्जातंतूंमार्फत तक्रार वर पाठवतात. उत्तर म्हणून स्वस्थ पायांतील रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब चढतो. १९३७ मध्ये कैरोत काम करणाऱ्या आलम आणि स्मर्क यांनी एक साधी युक्ती केली : राबलेल्या अवयवाला पट्टा आवळून त्यातले रक्त कोंडले आणि मग काम थांबवायला सांगितले. काम थांबले तरी पट्टा सोडेपर्यंत रक्तदाब चढलेलाच राहिला. तक्रार हालचालीची नसून साचलेल्या रसायनांची असते, हे त्यावरून कळले. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी केळीचा घड खांद्यावर घेताना किंवा सिलिंडर उचलताना श्वास कोंडू नये, तो यासाठी. एक गोष्ट मौजेची : मूठ आवळताना पाय आवळतात, पण दुसरा स्वस्थ हात काही वेळ उलट थोडा उघडतो. सगळे स्वस्थ अवयव एकसारखे वागत नाहीत.

शिरपूरची_सावली :

जानेवारीचे पुरे झाले, मे महिन्याचे बोला. आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा संध्याकाळी सातला चालायला निघाले तरी पहिल्या पावलापासून हात फुगलेले आणि लाल असतात. गार पडण्याचा टप्पा येतच नाही. आणि मी थांबले की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे गेल्या उन्हाळ्यात दोनदा झाले.

नाडीपरीक्षा :

कारण तुमची त्वचा घरातूनच उघडी होऊन निघते. उन्हात त्वचेची मागणी इतकी वाढू शकते, की पाय आणि त्वचा हे दोन गिऱ्हाईक एकाच हृदयापुढे रांग लावतात. चालताना पोटऱ्या शिरांना पिळून रक्त वर ढकलत असतात. तुम्ही एकदम थांबलात की तो पंप बंद पडतो, वाहिन्या मात्र उघड्याच राहतात, रक्त खाली साचते आणि अंधारी येते. शेवटची पाच मिनिटे हळू चालत राहा, मध्येच उभे राहू नका, आणि दोनदा झाले आहे तर एकदा तपासून घ्या.

ठिबकवाला_रावेर :

आता उदाहरण पूर्ण झाले. पाच व्हॉल्व्ह, वाढणारी मोटार, आणि मे महिन्यात सगळ्या व्हॉल्व्हांना गळती.

मेहरूणचा_फेरीवाला :

मंडळी, आठ दिवस गप्प होतो, कारण मी अंगठीची वही ठेवत होतो. नानाभाऊ घड्याळ धरतात आणि मी दर दोन मिनिटांनी अंगठी फिरवून पाहतो. येणारे-जाणारे आम्हाला काय समजत असतील ते सोडा. आठपैकी सात दिवस अंगठी चौथ्या ते सहाव्या मिनिटाच्या दरम्यान सर्वांत सैल होती आणि सोळाव्या ते एकोणिसाव्या मिनिटाच्या दरम्यान अडली. आठव्या दिवशी मी हातमोजे घालून गेलो, म्हणून तो दिवस नानाभाऊंनी बाद ठरवला. थंडीचा भाग वेगळा काढावा म्हणून एका सकाळी मी तलावाकाठच्या बाकावर वीस मिनिटे नुसता बसलो. बोटे गार झालीच, पण सावकाश, आणि चालताना पाचव्या मिनिटाला होतात तेवढी शेवटपर्यंत झाली नाहीत. तेव्हा नानाभाऊंची थंडीही थोडी खरी आणि माझी कपातही खरी.

नाडीपरीक्षा ताईंचा निर्णय त्यांना वाचून दाखवला. त्यांचे म्हणणे असे, की पाऊण तासातली शेवटची पंचवीस मिनिटे त्यांच्या बाजूने आहेत, म्हणून चहा मी पाजावा. मी म्हटले, त्वचेपुरते ठीक, आतला स्नायू पूर्ण पाऊण तास माझ्या बाजूने आवळलेला आहे. त्यावर ते म्हणाले, "तो दाखाड मंग!"

भुसावळ_लोको :

सर, दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा माझ्याकडे आहे. पारा भरलेली नळी कुठे मिळेल?

नाडीपरीक्षा :

पारा अजिबात नको, घरात सांडला तर भलतेच होऊन बसेल. रविवारी धुळ्याला या, चहा माझ्याकडे.